तोफेचा दाणा आणि साखरेचा दाणा



गळीत हंगाम आटोपला, उसाची बिले हाती आली की आपल्यापैकी पुष्कळ मंडळी बायका-मुलांना घेऊन चार दिवस कोकणात जाऊन येतात. अलिबागला ओहोटीची वेळ साधून कुलाबा किल्ल्यात जायचे आणि मुरूडजवळच्या राजपुरीहून होडीने जंजिरा बघायचा, हे तर ठरलेलेच. दोन्ही किल्ल्यांत तोफा आहेत. मुले तोफेवर चढून बसतात, मोठी माणसे हात लावून बघतात, फोटो काढतात आणि पुढे सरकतात. पण एवढा मोठा धातूचा गोळा पूर्वीच्या लोकांनी वितळवला कसा, ओतला कसा आणि तो थंड होताना त्याच्या पोटात काय झाले असेल, हा विचार फारसा कोणी करीत नाही.

या अंकात आम्ही तोच विषय घेतला आहे. साखर कारखान्याच्या पत्रिकेत तोफांचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण काम आहे. वितळलेला धातू गोठताना जे घडते, ते आपल्या पॅनवर पाकाची साखर होताना जे घडते त्याच्याशी अगदी सख्ख्या भावासारखे जुळते. आणि आपल्या मिलचा रोलर, आपल्या विहिरीवरचा पंप आणि आपला नांगर हे सगळे याच गोष्टीवर टिकतात किंवा मोडतात. त्यात आपला पैसा गुंतलेला आहे, म्हणून हे समजून घेतलेले बरे.

किनाऱ्यावरच्या तोफा

कुलाबा किल्ल्यात उत्तरेकडच्या तटावर चाकांच्या गाड्यावर ठेवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत. त्यांच्यावर इंग्लंडातील यॉर्कशायरच्या लो मूर आयर्न वर्क्सचे नाव कोरलेले आहे. हा कारखाना १७९१ साली सुरू झाला आणि तोफा ओतण्यासाठी त्याचे मोठे नाव होते. या तोफा बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या.

जंजिऱ्यावरची कलालबांगडी ही तोफ तर सगळ्यांना ठाऊक आहे. ती पंचधातूची आहे, म्हणून भर उन्हातही तापत नाही, असे तिथले वाटाडे सांगतात. उन्हात ठेवलेला कोणताही धातू तापतोच, त्यामुळे या सांगण्याकडे गंमत म्हणूनच बघावे. पण त्यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. तोफ ओतणारे लोक एकाच धातूवर भागवत नसत, ते मिश्रण करीत. तांब्यात कथील घालून केलेल्या तोफा आणि बिडाच्या तोफा असे दोन मोठे प्रकार जगभर होते. कारण काय? शुद्ध तांबे मऊ. शुद्ध लोखंड वितळवायला १५३८ अंश सेल्सियस उष्णता लागते, ती जुन्या भट्टीत मिळणे कठीण. लोखंडात शेकडा तीन-चार भाग कार्बन मिसळला की तेच लोखंड साधारण ११५० ते १२५० अंशांत पातळ होते आणि साच्यात पाण्यासारखे पळते. तेच बीड. म्हणजे मिश्रधातू ही चैन नव्हती, गरज होती.

आधी आपला साखरेचा दाणा

आता पॅनवर चला. सिरप पॅनमध्ये घेतात, हवेचा दाब कमी करून साठ-सत्तर अंशांतच ते उकळतात. पाणी उडत जाते, पाक दाट होतो. एक वेळ अशी येते की पाण्यात मावेल त्यापेक्षा जास्त साखर त्या पाकात असते, पण दाणा मात्र अजून दिसत नाही. पाक जणू वाट बघत असतो. या वेळी पॅनमन त्यात बारीक वाटलेल्या साखरेचे बी सोडतो. प्रत्येक कणाभोवती पाकातली साखर थरावर थर चढत जाते आणि दाणा वाढतो.

इथे पॅनमनची परीक्षा असते. बी थोडे आणि वाढ सावकाश, तर दाणा मोठा आणि एकसारखा. पाक एकदम जास्त दाट केला, तर नको तिथे लाखो नवे कण आपोआप जन्मतात. त्याला आपली मंडळी ‘फॉल्स ग्रेन’ म्हणतात. मग सेंट्रिफ्यूगल मशीनवर मळी नीट निघत नाही, चाळणीतून बारीक दाणा निसटतो आणि नुकसान होते.

रायगडच्या किनाऱ्यावर पेण-उरणकडे मिठागरे आहेत, तिथेही हाच न्याय. खाऱ्या पाण्याला उन्हात सावकाश आटू दिले, ढवळाढवळ केली नाही, तर मिठाचा खडा मोठा धरतो. घाईने आटवले तर मीठ बारीक पडते.

म्हणजे दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. दाण्याचा जन्म वेगळा आणि दाण्याची वाढ वेगळी. जन्म जास्त झाले तर दाणे पुष्कळ पण लहान. जन्म थोडे झाले तर दाणे मोजके पण मोठे.

धातूही दाणेदारच

लोखंडाचा किंवा पितळेचा तुकडा हातात घेतला तर तो सलग वाटतो. पण त्याचा ताजा मोड बघा. नुकत्याच तुटलेल्या बिडाच्या तुकड्यात चकाकणारे कण दिसतात. ते कण म्हणजे स्फटिकच. शेफील्डच्या हेन्री सॉर्बी या गृहस्थाने १८६३-६४ च्या सुमारास पोलाद घासून गुळगुळीत केले, त्यावर आम्लाचा हात फिरवला आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली धरले. तेव्हा शेताच्या बांधांसारख्या रेघा आणि त्यांच्यामधले दाणे स्पष्ट दिसले. पुढे १९१२ नंतर क्ष-किरणांनी याच्याही आतली रचना उघड केली. प्रत्येक दाण्यात अणू रांगेत, ओळीत, थरात बसलेले असतात. बागेत झाडे जशी ठरावीक अंतरावर लावतात तसे. शेजारच्या दाण्यातही अणू ओळीतच असतात, पण त्यांच्या ओळींची दिशा निराळी. जिथे दोन दिशा भेटतात तो दाण्याचा बांध.

लोखंडाची तर आणखी एक गंमत आहे. ते गोठते तेव्हा अणूंची मांडणी एका तऱ्हेची असते. १३९४ अंशांच्या खाली ती बदलते आणि ९१२ अंशांच्या खाली पुन्हा पहिल्यासारखी होते. म्हणजे लोखंड घट्ट झाल्यावरही त्याच्या आत अणूंची हालचाल चालूच असते. लोहार पोलाद लाल करून पाण्यात बुडवतो आणि ते कडक होते, त्याचे मूळ या बदलात आहे.

वितळलेल्या धातूत अणू मोकाट फिरत असतात. रस थंड होत गोठण्याच्या अंशाशी आला की लगेच दाणा धरतोच असे नाही. पॅनमधल्या पाकासारखाच तो थोडा खाली उतरेपर्यंत वाट बघतो. मग कुठेतरी आधार मिळतो. साच्याची थंड भिंत, एखादा न वितळलेला कण, मुद्दाम टाकलेले द्रव्य, काहीही चालते. तिथे पहिले अणू ओळीत बसतात आणि दाणा सुरू होतो. म्हणूनच चांगल्या फाउंड्रीत बीड ओतण्यापूर्वी रसात फेरोसिलिकॉनची थोडी भुकटी टाकतात. ॲल्युमिनियममध्ये टायटॅनियम आणि बोरॉन घालतात. पॅनमनचे बी आणि फाउंड्रीवाल्याची ही भुकटी, दोघांचे काम एकच.

झाडासारखा वाढणारा स्फटिक

साखरेचा दाणा चौकोनी, पैलूदार वाढतो. धातूचा दाणा बहुधा झाडासारखा वाढतो. एक खोड पुढे सरकते, त्याला फांद्या फुटतात, फांद्यांना डहाळ्या. असे का? दाण्याचे जे टोक थोडे पुढे येते त्याच्याभोवती थंड रस जास्त मिळतो, म्हणून ते आणखी वेगाने पुढे जाते. मागचा भाग मागेच राहतो. शेवटी फांद्यांच्या मधला रसही गोठतो आणि झाड दिसेनासे होऊन दाणा भरतो.

हे झाड कोणाला सहसा दिसत नाही, पण रशियात ते दिसले. दिमित्री चेर्नोव हा अभियंता सेंट पीटर्सबर्गजवळच्या ओबुखोव्ह पोलाद कारखान्यात होता. तिथे ओतलेल्या काही तोफा चांगल्या निघत आणि काही फुटत. कारण शोधता शोधता त्याने १८६८ साली दाखवून दिले की पोलाद कोणत्या अंशापर्यंत तापवले आणि कसे थंड केले यावर त्याचा दाणा ठरतो, आणि दाण्यावर तोफेचे आयुष्य ठरते. पुढे शंभर टनांच्या एका पोलादी ठोकळ्याच्या माथ्यावर, धातू आकसून पडलेल्या पोकळीत, ३९ सेंटिमीटर लांबीचे स्फटिकाचे झाड सापडले. भोवतालचा रस खाली उतरून गेला होता, म्हणून ते उघडे राहिले. धातुशास्त्रात ते आजही चेर्नोवच्या नावाने ओळखले जाते.

मिश्रधातू गोठतो कसा

शुद्ध तांबे १०८५ अंशांवर एका ठिकाणी गोठते. तोफेचे कासे, म्हणजे नव्वद भाग तांबे आणि दहा भाग कथील, तसे करीत नाही. ते साधारण १००० अंशांवर गोठायला लागते आणि शेवटचा रस ८०० अंशांपर्यंत पातळ राहू शकतो. म्हणजे जवळजवळ दोनशे अंश त्याची अवस्था खिचडीसारखी असते. थोडे घट्ट, थोडे पातळ.

या खिचडीत जे घडते ते साखरेच्या माणसाला लगेच कळेल. पाकातून दाणा धरतो तो शुद्ध साखरेचा. मीठ-माती, क्षार, काळपटपणा सगळा मागे मळीत साठत जातो. तसेच इथे. पहिली झाडे बनतात त्यांत तांबे जास्त, कथील कमी. उरलेल्या रसात कथील वाढत जाते. सगळ्यात शेवटी, फांद्यांच्या बेचक्यात, कथिलाने भरलेला रस गोठतो आणि तिथे तांबे-कथिलाचा कडक पण ठिसूळ पदार्थ तयार होतो. शिसे तर घट्ट तांब्यात विरघळतच नाही. ते थेंबाथेंबाने दाण्यांच्या बांधावर बसून राहते.

जुन्या कास्याच्या तोफांना ही गोष्ट बाधत असे. ओतताना कथील एका जागी गोळा झाले तर तोफेच्या नळीत कथिलाचे डाग पडत. बारामागून बार झाले, नळी तापली, की ते डाग आधी मऊ होऊन वितळून जात. नळीत खड्डे पडत आणि गोळा सरळ जाईना. तरीही कास्याची तोफ बरी मानीत. ती फुगे, वाके, पण सहसा एकदम फुटत नसे. बिडाची तोफ स्वस्त आणि टणक, पण फुटली तर गोलंदाजाला घेऊनच जायची.

कथील वाढवले की काय होते तेही बघा. दहाचे वीस-बावीस भाग केले की तो ठिसूळ कडक पदार्थ वाढतो. तोफेला ते घातक, पण घंटेला तेच हवे. टोल दिला की आवाज लांबवर घुमतो. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांत बांधल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यासाठी प्रसिद्ध आहे. पुढच्या वर्षी रेवदंडा आणि कोर्लई याही किनाऱ्यावरच्या जागा पोर्तुगीजांच्या हातून गेल्या. तोफ आणि घंटा, दोन्ही तांब्या-कथिलाच्याच. फरक दहा-बारा भागांचा. पण एक धक्का सोसते आणि दुसरी नाद देते.

बिडाचे दोन स्वभाव

बिडात कार्बन जास्त असतो. गोठताना त्या कार्बनने कुठे जायचे? त्याला दोन वाटा आहेत. रस सावकाश थंड झाला आणि त्यात सिलिकॉन पुरेसे असले, तर कार्बन पेन्सिलीतल्या शिशासारख्या ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांत बाहेर पडतो. असे बीड मोडले तर करडे दिसते. ते मशीनवर चांगले कापले जाते, कंप जिरवते, पण ताणले तर पापुद्र्यांच्या रेघेवर तुटते. रस झटकन थंड झाला, तर कार्बन लोखंडाशीच बांधला जाऊन अतिशय कडक पदार्थ बनतो. मोड पांढरा दिसतो. कानस चालत नाही आणि हातोडा बसला तर काचेसारखे फुटते.

या दोन स्वभावांचा शेतीला मोठा उपयोग झाला. इंग्लंडातील रॉबर्ट रॅन्सम याने १८०३ साली नांगराचा असा फाळ काढला की त्याची खालची बाजू ओततानाच झटकन थंड होई आणि वरची सावकाश. खालची पांढरी, कडक. वरची करडी, मऊ. जमिनीत घासताना वरची बाजू आधी झिजे आणि धार आपोआप राहत असे. एकाच ओतकामात दोन दाणे!

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा शेतकऱ्यांचा त्यावर विश्वास बसायला वेळ लागला. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या. बिडाची तोफ वितळवली तर तिचा जुना दाणा सगळा पुसला जातो. रसाला आठवण नसते. नव्या साच्यात तो जसा थंड होईल तसा नवा दाणा धरतो. तोफेचा नांगर होऊ शकतो तो यामुळे.

समुद्रकाठी आणखी एक प्रकार होतो. करड्या बिडाची वस्तू वर्षानुवर्षे खाऱ्या पाण्यात पडून राहिली तर लोखंड हळूहळू निघून जाते आणि ग्रॅफाइटचा सांगाडा उरतो. आकार जसाच्या तसा, पण चाकूने खरवडता येईल इतका मऊ. समुद्रातून काढलेल्या जुन्या तोफा म्हणूनच फार जपाव्या लागतात.

तोफ फुटायची ती का

रस साच्यात ओतला की भिंतीला लागलेला थर आधी गोठतो. तिथे थंडी एकदम मिळते म्हणून दाणे बारीक आणि पुष्कळ. मग त्यांतले काही आत वाढू लागतात. उष्णता भिंतीतून बाहेर जात असते, म्हणून दाणे भिंतीला काटकोनात, उसाच्या कांड्यांसारखे उभे लांबट वाढतात. अगदी मध्यभागी पुन्हा मोकळे, गोलसर दाणे होतात.

रॉबर्ट मॅलेट या आयरिश अभियंत्याने १८५६ साली तोफांवर ग्रंथ लिहिला, त्यात त्याने हेच दाखवले. ओतकामाला जिथे तीक्ष्ण कोपरा असतो तिथे दोन बाजूंनी आलेल्या लांबट दाण्यांच्या रांगा एका रेघेवर भेटतात. ती रेघ कच्ची. बाहेर निघालेली घाणही तिथेच जमते. ताण आला की तडा त्याच रेघेवर जातो. म्हणून चांगला ओतारी कोपरा कधी धारदार ठेवत नाही, तो गोलाई देतो.

दुसरे कारण आकसण्याचे. बहुतेक धातू गोठताना शेकडा तीन ते पाच भाग आकसतात. बाहेरचे कवच आधी घट्ट झाले आणि आतला रस नंतर आकसला, तर भरायला नवा रस कुठून येणार? पोटात पोकळी राहते. जुने ओतारी यावर उपाय जाणत होते. ते तोफ उभी ओतीत, तोंड वर करून, आणि तोंडाच्या वर बराच जादा धातू ठेवीत. खालची तोफ गोठेपर्यंत वरचा साठा तिला रस पुरवी. पोकळी आणि घाण वरच्या भागात येई. मग तो भाग कापून टाकीत. आजच्या फाउंड्रीत यालाच रायझर म्हणतात. जो ओतारी हा जादा धातू वाचवायला गेला, त्याची तोफ रणात फुटायची.

अमेरिकन तोफखान्यातल्या थॉमस रॉडमन याने १८४७ साली वेगळीच युक्ती काढली. तोफ पोकळच ओतायची आणि मधल्या गाभ्यातून पाणी खेळवायचे. आतली बाजू आधी गोठते. बाहेरचे थर नंतर आकसतात आणि आतल्याला आवळून धरतात. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापलेली धाव चढवतो तसेच हे. बार झाला की आतला दाब आधी त्या आवळणीशी झगडतो.

आजचा किनारा

पेण तालुक्यात धरमतरच्या खाडीला डोलवीचा पोलाद कारखाना आहे. तो इस्पात इंडस्ट्रीजने उभा केला आणि २०१० साली जेएसडब्ल्यूकडे गेला. तिथे पोलादाचा रस पातळ स्लॅबच्या रूपात अखंड ओतून लगेच पत्रा लाटण्याची पद्धत आहे. नेहमीची स्लॅब दोनशे-अडीचशे मिलिमीटर जाड असते, अशी पातळ स्लॅब साधारण पन्नास ते सत्तर मिलिमीटर. जाडी कमी म्हणजे उष्णता लवकर निघते. झाडांच्या फांद्या जवळजवळ राहतात आणि शेवटच्या रसातला कचरा एका जागी साठायला वाव कमी. तत्त्व तोफेच्या वेळचेच, पण ताबा मिनिटा-मिनिटाचा.

मुरूड तालुक्यात रेवदंड्याच्या खाडीपलीकडे साळावला स्पंज लोखंड तयार होते, त्याची गोष्ट उलटी. तिथे खनिजातला ऑक्सिजन गरम वायूने काढून घेतात, लोखंड वितळतच नाही. वितळले नाही म्हणून रस नाही. ऑक्सिजन गेला त्या जागी बारीक भोके राहतात, म्हणून नाव स्पंज. तो तुकडा पुढे भट्टीत वितळला की मगच त्याच्या गोठण्याचा प्रवास सुरू होतो.

आपल्या मिलचा रोलर

आता घरच्या विषयाकडे येऊ. मिलच्या रोलरला पोलादाचा शाफ्ट आणि त्यावर तापवून चढवलेले बिडाचे कवच असते. पुष्कळ सभासद विचारतात, रोलर सरळ पोलादाचा का करीत नाहीत, तो जास्त मजबूत होईल की. त्याचे उत्तर दाण्यात आहे. रोलरने ऊस नुसता दाबायचा नसतो, आधी तो पकडून आत ओढायचा असतो. कवच मुद्दाम जाड दाण्याच्या करड्या बिडाचे करतात. साचा असा ठेवतात की रस सावकाश थंड व्हावा आणि ग्रॅफाइटचे पापुद्रे मोठे व्हावेत. असे बीड झिजतानाही खरबरीत राहते, गुळगुळीत होत नाही, म्हणून पकड टिकते. बारीक दाण्याचे बीड जास्त ताकदीचे असते, पण ते आरशासारखे चकचकीत होते, ऊस घसरतो आणि मिल चोंदते. मग रोलरवर वेल्डिंगचे ठिपके देऊन, म्हणजे आर्किंग करून, पकड आणावी लागते.

म्हणजे तोफेला बारीक, दाट दाणा हवा होता आणि रोलरच्या कवचाला जाड. ‘चांगले ओतकाम’ अशी एकच वस्तू नसते. कशासाठी हवे ते आधी ठरते, मग दाणा ठरतो. गिअर, कपलिंग यांसारख्या धक्का सोसणाऱ्या भागांना रोलरचे बीड चालत नाही. त्यासाठी पोलादाचे ओतकाम किंवा १९४८ पासून जगाला माहीत झालेले एसजी आयर्न वापरतात. त्यात मॅग्नेशियम घातल्यामुळे ग्रॅफाइटचे पापुद्रे न होता गोळ्या होतात. गोळीवरून तडा पळत नाही.

सभासदांनी ध्यानात ठेवायचे

पहिली गोष्ट खरेदीची. ऑफ सीझनमध्ये रोलरचे कवच किंवा एखादा मोठा भाग नवा घ्यायचा म्हटला की वार्षिक सभेत एक प्रश्न हमखास येतो, सगळ्यात कमी दराचे टेंडर का घेतले नाही? प्रश्न विचारणे हा सभासदाचा हक्क आहे. पण त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत. त्याच रसातून ओतलेल्या नमुना कांडीची ताण-परीक्षा आहे का? कडकपणा ठिकठिकाणी मोजला आहे का? पोटात पोकळी नाही हे अल्ट्रासॉनिक तपासणीने बघितले आहे का? पोकळी बाहेरून दिसत नाही, वर रंग लावला की सगळेच ओतकाम सारखे. ती दिसते जानेवारीत, मिल भर वेगात असताना. मिल थांबली की तोडलेला ऊस गाडीत वाळतो, वजन आणि उतारा दोन्ही घटतात. तो तोटा टेंडरच्या आकड्यात कुठेच लिहिलेला नसतो, पण तो आपल्याच बिलातून जातो.

दुसरी गोष्ट घरच्या यंत्रांची. पंपाच्या बिडाच्या बॉडीला तडा गेला तर रस्त्यावरच्या वेल्डरकडून घाईने टाके मारून घेऊ नयेत. बीड थंड असताना वेल्डिंग केले तर जोडाजवळचा भाग झटकन गोठून पांढऱ्या, ठिसूळ बिडाचा होतो आणि आठ दिवसांत शेजारीच नवा तडा जातो. माहीतगार कारागीर बॉडी आधी तापवतो किंवा निकेलची कांडी वापरतो आणि नंतर ती राखेत किंवा कोरड्या वाळूत पुरून सावकाश थंड होऊ देतो.

तिसरी गोष्ट इंजिनची. पाणी संपून डिझेल इंजिन लाल होईपर्यंत तापले तर त्यावर थंड पाणी ओतू नये. बाहेरचा थर एकदम आकसतो, आतला आकसत नाही, आणि हेड फुटते. इंजिन बंद करावे, आपोआप निवू द्यावे, मग पाणी भरावे.

चौथी गोष्ट परीक्षेची. बिडाची नवी वस्तू घेताना ती टांगून किंवा कडेवर उभी करून लाकडी हातोड्याने हलकेच वाजवावी. बद्द आवाज आला तर तडा असण्याचा संभव धरावा आणि दुकानदाराला दुसरी दाखवायला सांगावी. एक वस्तू दुसरीशी ताडून बघितली की कानाला फरक लवकर कळतो. कोपरे धारदार आहेत की गोल, हेही बोट फिरवून बघावे. मोडकी जुनी वस्तू भंगारात देण्यापूर्वी तिचा मोडही जरूर बघावा. करडा आहे की पांढरा, दाणा बारीक की जाड, मध्ये पोकळी आहे का. ती का मोडली हे बहुतेक वेळा तिथेच लिहिलेले असते.

येत्या ऑफ सीझनमध्ये मिल उघडलेली असेल, तेव्हा सभासदांनी आपल्या मुलांना घेऊन वर्कशॉपमध्ये जरूर यावे. उतरवलेल्या रोलरच्या झिजलेल्या दात्यांवरून हात फिरवून बघावा. तो खरबरीतपणा कुठून येतो, हे आता मुलांना सांगता येईल.